बसलेला मोठा की उभा मोठा? दोघांच्या फोटोत नातं कसं दाखवायचं

फोटोत दोन माणसं आली की बघणारा लगेच हिशेब मांडतो: यांच्यात मोठं कोण, जवळचं कोण, रुसलंय कोण. फोटो काढणाऱ्याने त्याचा विचार केला नाही तरी हा हिशेब होतोच. मग घरची थोरली सून स्वतःच्याच घरात पाहुणी दिसते आणि चार वर्षं न बोललेले भाऊ जिवाभावाचे दिसतात.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या स्टुडिओत नवीन पोरं शिकायला येतात, तेव्हा सुरुवातीला मी त्यांना लेन्सचं नाव काढू देत नाही. दोनच गोष्टी बघायला लावते. कुणाचे डोळे किती उंचीवर आहेत, आणि कुणाच्या चेहऱ्यावर किती उजेड आहे. हसू, हात, कपडे, मागचा पडदा, सगळं नंतर. या दोन्ही गोष्टी एकट्या माणसाच्या नसतात, दोघांमधल्या फरकाच्या असतात. तो फरक किती ठेवायचा, हे ठरवणं म्हणजेच नात्याचा फोटो काढणं.

उंची: पुस्तकातला नियम घराच्या सोप्यात (ओसरीत) उलटा पडतो

कॅमेरा खालून वर रोखला की माणूस दांडगा दिसतो, वरून खाली रोखला की बापुडा दिसतो, हे कुणीही सांगेल. खरंच आहे, पण ते एकट्या माणसापुरतं. आपल्याकडे घरातला मोठा माणूस बसतो आणि बाकीचे उभे राहतात. तुमच्याच घरातला जुना स्टुडिओतला फोटो काढून बघा. आजोबा खुर्चीत, आजी बाजूला उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. उंचीने आजी वर आहे, तरी फोटो आजोबांचा आहे. कारण खुर्ची त्यांच्याकडे आहे, फोटोचा मध्य त्यांच्याकडे आहे, आणि कॅमेराही त्यांच्याच डोळ्यांच्या रेषेत लावलेला असायचा.

म्हणून मी पोरांना आकडे पाठ करायला लावते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वाशे सेंटिमीटरच्या आत असतात, मांडी घालून बसलेल्याचे सत्तर-पंच्याहत्तरवर, आणि उभ्या माणसाचे दीडशेच्या आसपास. तुम्ही उभे राहून, कॅमेरा डोळ्याला लावून, मांडी घालून बसलेल्या म्हातारीचा फोटो काढता, तेव्हा कळत नकळत तिच्याकडे उभ्या सुनेच्या नजरेने बघता. कॅमेरा सत्तरवर आणा. म्हणजे गुडघे टेका, नाहीतर सरळ जमिनीवर बसा. आता आजी समोरासमोर आली आणि सून वर गेली. इथे लक्ष द्या. सून वर गेली म्हणजे ती मोठी झाली असं नाही. तिचं तोंड आजीकडे वळलेलं असेल आणि ती किंचित मागे, कमी उजेडात असेल, तर ती आजीच्या आज्ञेतली दिसते. तीच सून लेन्सकडे बघत असेल आणि तिच्यावर जास्त उजेड असेल, तर घर आता ती चालवते हे फोटो सांगून मोकळा होतो.

दोघींना बरोबरीचं दाखवायचं असेल तर एकीला उठवू नका, दुसरीला बसवा. चुलीपुढे, निवडायला घेतलेल्या तांदळाच्या सुपापुढे, परड्यातल्या कट्ट्यावर, कुठेही. म्हाताऱ्या माणसाला उभं केलं की त्याचं सगळं लक्ष गुडघ्याकडे जातं आणि चेहरा मिटतो. खानापूरकडच्या एका आजींनी मला सरळ सांगितलं होतं, "तुझ्या फोटोसाठी मी उठायची न्हाई बघ, तूच बस खाली." बरोबर होतं त्यांचं.

अँगल फार वाकवायची गरज नसते. दीड-दोन मीटरवर असताना कॅमेरा वीतभर वर-खाली केला तरी फरक पडतो. त्याहून जास्त खाली गेलात की नाकपुड्या दिसायला लागतात, वरचा पंखा डोक्यात शिरतो आणि सोप्यातले खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. मुद्दाम केलं असेल तर ठीक. नुसता परिणाम हवा म्हणून केलं तर माणूस नाटकातला राक्षस वाटतो.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे निवृत्त आजोबा आणि भरतीची तयारी करणारा नातू, ही जोडी आमच्याकडे नेहमीची. या जोडीचे दोन फोटो होतात. कॅमेरा नातवाच्या छातीच्या उंचीवर, नातवाच्या खांद्यामागून, समोर पदकं लावलेले आजोबा: यात नातवाचा आदर दिसतो. आता उलट बाजूला जा. आजोबांच्या खांद्यावरून, किंचित वरून, समोर नातवाचा चेहरा: यात नातवाच्या डोक्यावरचं ओझं दिसतं. माणसं तीच, जागा तीच, कपडेही तेच. कुणाच्या खांद्यामागे उभे राहता, त्याच्या बाजूने तुम्ही बोलता. गिऱ्हाईकाला कुठला फोटो द्यायचा हे मात्र आधी त्यांच्याशी चहा घेऊन ठरवा.

लांबी: लेन्स नव्हे, तुमचे पाय

बाप पुढे, मुलगा एक मीटर मागे. तुम्ही बापापासून एका मीटरवर उभे राहिलात तर मुलगा तुमच्यापासून दोन मीटरवर, म्हणजे फोटोत त्याचं डोकं बापाच्या डोक्याच्या निम्मं. आता पाच मीटरवर जा. बाप पाचवर, मुलगा सहावर. मुलाचं डोकं बापाच्या पाच षष्ठांश, जवळजवळ सारखंच. जवळून बाप डोंगराएवढा आणि पोरगं त्याच्या सावलीत. लांबून दोघं एकाच फळीवर ठेवल्यासारखे. लोक म्हणतात लांब लेन्सने माणसं जवळ येतात. लेन्स काही करत नाही, तुम्ही मागे गेलात म्हणून तसं दिसतं. लेन्सने फक्त कडेचं कापलं.

त्यामुळे २४ एमएमची रुंद लेन्स घेऊन दोघांच्या अंगावर जायचं की ८५ची लांब लेन्स घेऊन अंगणाच्या कडेला उभं राहायचं, हे नात्यावरून ठरवा. गोकाकच्या ५२ मीटर धबधब्यापुढे नवरा-नवरी मुंगीएवढे उभे करून काढलेले प्री-वेडिंगचे फोटो मी खूप बघते. छान दिसतात. त्यात नातं धबधब्याशी आहे, एकमेकांशी नाही.

दोघं वेगवेगळ्या अंतरावर असतील तर फोकसचा प्रश्न येतो. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएम, एफ २ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं), अडीच मीटरवरचा माणूस: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटर. एफ ८ केलं तरी चाळीसच्या आसपास. म्हणजे दुसरा माणूस हातभर मागे असेल तर तो धूसर होणारच. ते टाळत बसू नका. कोण धूसर व्हावा ते ठरवा. बघणारा स्पष्ट चेहऱ्याचं ऐकतो आणि धूसर चेहऱ्याचा अंदाज घेतो. परगावी नोकरीला निघालेल्या मुलाच्या फोटोत बहुतेक जण मुलावर फोकस करतात. मी मागच्या आईवर करते.

उजेड: एका खिडकीतून दोघांना किती वाटून द्यायचा

उजेडाचा मूळ स्रोत छोटा असेल, म्हणजे बल्ब किंवा उघडा फ्लॅश, तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथाई होतो. एक जण दिव्यापासून एका मीटरवर, दुसरा दोन मीटरवर, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दुसऱ्याला १.४ मीटरवर आणलं तर एका स्टॉपचा. खिडकी किंवा दार मोठं असेल आणि माणसं त्याच्या जवळ असतील तर उतार यापेक्षा सौम्य असतो, पण दिशा तीच. एवढ्या गणितावर बहुतेक घरगुती फोटो निघतात.

माझा अंदाज असा आहे. दोन चेहऱ्यांत अर्ध्या स्टॉपपर्यंत फरक असेल तर बघणाऱ्याला दोघं बरोबरीचे वाटतात. एका स्टॉपला तो एकाला मुख्य मानतो, दुसऱ्याला सोबती. दोन स्टॉपला दुसऱ्याच्या मनात काहीतरी आहे असं वाटायला लागतं. तीनच्या पुढे गेलात तर दुसरा माणूस नुसती आकृती उरतो. मोजायचं कसं? कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग लावा, म्हणजे तो चौकटीतल्या एका ठिपक्याचाच उजेड मोजतो; आधी एकाच्या गालावर धरा, मग दुसऱ्याच्या. दोघांचा रंग वेगळा असेल तर आकडा फसवतो. तेव्हा दोघांच्या हनुवटीखाली एकच पांढरा कागद धरून मोजा. पांढरं धोतर किंवा गांधी टोपी चौकटीत मोठी आली तर नेहमीच्या मीटरिंगमध्ये कॅमेरा घाबरून सगळंच काळं करतो, म्हणून स्पॉट.

फरकापेक्षाही मला स्रोत मोजायला आवडतो. दोघांचे चेहरे एकाच दाराच्या उजेडात असतील, सावल्या एकाच बाजूला पडत असतील, तर ती माणसं एकत्र राहतात असं वाटतं, भलेही मध्ये दोन हातांचं अंतर असो. प्रत्येकाला वेगळा उजेड दिलात की ती एकमेकांना चिकटून बसली तरी दुरावलेली दिसतात. कामावरून सुट्टीला आलेला मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, त्याच्या तोंडावर स्क्रीनचा निळसर उजेड असतो. मागे आई स्वयंपाकघराच्या पिवळ्या बल्बखाली. अशा वेळी ऑटो व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग सुधारणं) बंद करा, तो हाताने ४००० केल्विनच्या आसपास ठेवा आणि दोन्ही रंग आहेत तसे राहू द्या. हा फोटो गिऱ्हाईक विकत घेणार नाही. स्वतःसाठी काढा.

खानापूर, नंदगड, हलशीकडची कौलारू घरं उजेडासाठी मला स्टुडिओपेक्षा बरी वाटतात. खिडक्या लहान, दार एकच, आणि छपरात एखादं काचेचं कौल. त्या कौलातून येणारी तिरीप सकाळी तिरपी भिंतीवर असते, उन्हाळ्यात दुपारी सरळ जमिनीवर उतरते. नवीन पोरांना वाटतं, आजीला त्या तिरपीत बसवावं. नको. वरून आलेल्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि कपाळ तेवढं चमकतं. तिरीप जमिनीवर पडू द्या आणि तिथे धुतलेलं पांढरं लुगडं किंवा थर्माकोलची शीट टाका. तिरपीच्या बाहेर, तिच्या एका अंगाला दोघांना बसवा. उजेड खालून वर, मऊ येईल, शेकोटीभोवती बसल्यासारखा. जमीन शेणाने सारवलेली असेल तर ती उजेड पिऊन टाकते, लाल कोब्याची असेल तर हनुवटीखाली लालसर छटा येते. म्हणून ते पांढरं.

वडगाव-खासबागच्या विणकर घरात वेगळीच गंमत असते. आता बहुतेक ठिकाणी पॉवरलूम, त्यामुळे माणूस उभा, वर ट्यूबलाईट आणि आवाज इतका की काही सांगायची सोय नाही. पण खड्ड्याचा हातमाग कुठे मिळालाच तर सोडू नका. विणकराचे पाय खड्ड्यात असल्यामुळे त्याचे डोळे आपोआप जमिनीवर बसलेल्या बायकोच्या रेषेत येतात. ती राहाटावर कांड्या भरत असते. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, कामाकडे बघतात. अशा वेळी "जरा इकडं बघा" म्हणायचं नाही. कॅमेरा जमिनीपासून हातभर, पुढे धूसर राहाट, मागे तो स्पष्ट, आणि सूत एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसलं पाहिजे. सूत दिसायला उजेड मागून हवा. दार विणकराच्या मागे येईल असे फिरा, मग सुताच्या कडा चमकतात. ते चमकणारं सूत दोघांना जोडतं, हसवायची गरज राहत नाही.

नजर

"हसा बघू" आणि चिक्कोडी-गोकाककडे गेलात तर "स्वल्प ई कडे नोडरी" (कानडीत "जरा इकडं बघा"), या दोन वाक्यांनी जेवढी नाती फोटोतून पुसली तेवढी कशानेच नाही. सगळे लेन्सकडे बघतात आणि प्रत्येकाचं नातं फोटोग्राफरशी जुळतं. असा एक फोटो काढा, तो घरात लागतोच. मग कॅमेरा खाली करा, म्हणा "झालं", आणि थांबा. पदर सारखा करतात, टोपी काढतात, कुणीतरी कुणाचा तरी केस कानामागे घालतं. तेव्हा काढा. एक जण लेन्सकडे आणि दुसरा त्याच्याकडे बघतोय, अशी जोडी मिळाली तर लेन्सकडे बघणाऱ्याचं वजन वाढतं. दुसऱ्याची नजर त्याला ते देते.

लग्नात

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि अक्षतेचा मुहूर्तही नेमका तेव्हाचाच असतो. उघड्यावर काही करू नका. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाखालीही फार आत नको, सगळ्यांना कावीळ झालेली दिसते. मांडवाची कड पकडा. तिथे वरचं ऊन अडतं आणि बाहेरच्या अंगणाचा उजेड आडवा आत येतो. पावसाळ्यात हाच प्रश्न उलटा होतो. आमच्याकडे जूनपासून आभाळ असं भरतं की उजेड मऊ पण बेचव. उपाय तोच: माणसांना पडवीच्या कडेला आणा, म्हणजे पाठीमागे अंधार राहतो आणि चेहऱ्याला दिशा मिळते.

अंतरपाट धरला असताना बहुतेक जण समोरून, कार्यालयाच्या मधोमध उभे राहतात. तिथून नुसती गर्दी मिळते. कापडाच्या कडेच्या अगदी रेषेत जा, म्हणजे कापड एका उभ्या पट्टीएवढं होतं आणि दोन्हीकडचे चेहरे बाजूने दिसतात. दोघांच्या चेहऱ्यावर सारखा उजेड ठेवायचा असेल तर तो त्या कापडाच्या वरून किंवा तुमच्याच बाजूने यायला हवा. व्हिडिओवाल्याचा एलईडी एका बाजूने आला तर नवरा उजळतो, नवरी काळवंडते, आणि लग्नाआधीच फोटोने निकाल दिलेला असतो. त्याला सकाळीच चहा पाजून ठेवा, मग तो दिवा सरकवतो.

मामाला विसरू नका. तो नवरीच्या मागे उभा असतो आणि कुणाच्याच अल्बममध्ये नीट नसतो. त्याच्या कोपराच्या उंचीवरून, नवरीच्या पुढच्या बाजूने तिरका एक फोटो घ्या: पुढे तिच्या मुंडावळ्या धूसर, मागे त्याचा चेहरा.

पाठवणीला फ्लॅश बंद. बाप-लेक कार्यालयाच्या दारात असतील तर बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) धरा आणि दोघांना काळ्या आकृती होऊ द्या. अट एकच, दोन्ही चेहऱ्यांच्या बाजूच्या रेषांमध्ये उजेडाची फट राहिली पाहिजे. रेषा एकमेकींवर चढल्या की नुसता ढीग दिसतो. त्यासाठी त्यांना हलवायचं नाही, आपणच अर्धा पाऊल डावी-उजवीकडे सरकायचं.

खांब मध्ये आला तर

सोप्यातला खांब दोन भावांच्या मध्ये आला की फोटो जमिनीच्या वाटणीची गोष्ट सांगायला लागतो. कधी कधी ती खरीही असते. पण ज्यांनी पैसे देऊन बोलावलंय त्यांच्या घरची चहाडी भिंतीवर टांगायची नाही, असं माझं मत आहे. खांब एका कडेला घ्या, दोघांना त्याच्या एकाच बाजूला आणा. स्वतःच्या प्रदर्शनासाठी काढत असाल तर आधी त्यांना दाखवा आणि विचारा.

घरी करून बघायला

दोन माणसं, एक खिडकी, एक मोबाईल. मोबाईलची साधी लेन्स २४-२६ एमएमच्या आसपासची असते, त्यामुळे जवळ गेलात तर नाकं फुगतात. २एक्स किंवा ३एक्स लावा आणि मागे सरका. दोघांनी तोंडावरचा भाव बदलायचा नाही, जागाही सोडायची नाही. तुम्ही फक्त तीन उंचीवरून आणि दोन अंतरावरून फोटो घ्या. मग खिडकीजवळच्या माणसाला लांब आणि लांबच्याला जवळ बसवून पुन्हा तेच. उजळ चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा, नाहीतर मोबाईल स्वतःच सावली उचलून दोघांना सारखं करून टाकतो. हे फोटो घरच्यांना नाही, त्या दोघांना न ओळखणाऱ्याला दाखवा आणि विचारा, यांच्यात कुणाचं चालतं? उत्तरं फोटोगणिक बदलली तर तुमचं जमलं.

एडिटिंगमध्येही तीच काळजी. शॅडोचा स्लायडर उजवीकडे नेला की दोन चेहऱ्यांमधला जपून ठेवलेला फरक गेला. त्या स्लायडरला हात लावायचा तो प्रिंटसाठी, आणि तोही बेताने. स्क्रीन आतून उजळते, कागद उजळत नाही. त्यामुळे स्क्रीनवर दोन स्टॉपचा दिसणारा काळोख कागदावर आणखी गडद होतो आणि मागची आई पार बुडते. मोठी प्रिंट टाकण्याआधी चार बाय सहाची एक काढून घ्या. लॅबच्या काउंटरवरच्या दिव्याखाली बघू नका. फोटो ज्या भिंतीवर लागणार तिथे, त्या घरच्या ट्यूबलाईटमध्ये धरून बघा, आणि आईचे डोळे दिसत नसतील तर तेवढाच भाग अर्धा स्टॉप उचला.